सावकारी पाश

'सावकारी पाश' हा बाबूराव पेंटर यांचा मूकपट 1925 साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. पडद्यावर तेव्हा देव, ऋषी आणि राजे यांचीच चलती होती. या चित्रपटाने कर्जबाजारी शेतकऱ्याला नायक केले. सावकार त्याची जमीन गिळतो, आणि पोटासाठी शहर गाठून तो गिरणीकामगार होतो. ही भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली.

कर्जाचा हा जाच काही नवा नव्हता. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतेच जाळली होती. विदर्भातल्या कामरगाव-कारंज्याच्या कापूसपट्ट्यालाही गहाणखत आणि चढते व्याज म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

शब्दांवाचून हे दाखवायचे तर सारी भिस्त चित्रावर. बाबूराव मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. छायाप्रकाशाची जाण त्यांच्या हातात मुरलेली होती. नेमक्या त्याच सुमारास, 1924 च्या डिसेंबरात, बर्लिनमध्ये जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांचा 'डेर लेट्स्टे मान' झळकला. हॉटेलच्या म्हाताऱ्या दारवानाचा रुबाबदार गणवेश काढून घेतात आणि त्याची पत धुळीला मिळते, असा तो मूकपट. त्यात मजकुराच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. दारवान झालेल्या एमिल यानिंग्ज यांची वाकलेली पाठच सगळे सांगते. तिथे गणवेश जातो, इथे जमीन. तरी कोल्हापूरचा घाव अधिक खोल म्हणावा लागेल, कारण जमिनीबरोबर गावही सुटते.

पौराणिक चित्रांना सरावलेल्या प्रेक्षकांना हे वास्तव मानवले नाही आणि चित्रपट फारसा चालला नाही. बाबूरावांनी 1936 साली तोच विषय पुन्हा बोलपटात आणला. त्यातली अंधारी झोपडी आणि कुत्र्याचे विव्हळणे निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनातून कधीच गेले नाही.

1925 चा मूकपट मात्र आज पाहायला मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. कितीतरी मूकपट असेच नाहीसे झाले. जुन्या टुरिंग टॉकीजवाल्यांच्या घरी रिळांचे डबे, पोस्टर किंवा जाहिरातीची पत्रके पडून असतील, तर ती रद्दीत घालू नयेत. रिळे विस्तवापासून दूर ठेवावीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे.