वहीतला नाका
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षे एका जागी उभ्या असलेल्या वास्तूसमोरून सीमारेषा मात्र सरकत राहिल्या. इंग्रजी अमदानीत निपाणी बेळगाव जिल्ह्यात होते, तर सुमारे वीस किलोमीटरांवरील कागल कोल्हापूर संस्थानात. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले आणि मधली रेषा पुसली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने ती पुन्हा ओढली. ही दोन गावे एका राज्यात नांदली ती जेमतेम पावणेआठ वर्षे.

त्या रेषेचा राजकीय वाद न्यायालयापुढे आहे. तो आज माझा विषय नाही. मला बोलायचे आहे ते व्यापाराविषयी. देशभर व्यापार मुक्त असेल, असे राज्यघटनेचा ३०१ वा अनुच्छेद सांगतो. तरीही राज्याराज्यांच्या हद्दीवर मालमोटारी कागदपत्रांच्या तपासणीसाठी खोळंबत असत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांनी विक्रीकराचे नाके उठविले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीत पन्नास हजार रुपयांवरील मालास संगणकावर काढलेले ई-वे बिल पुरेसे ठरले. ही सुधारणा मोठी आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु रस्त्यावरून उठलेला नाका लहान दुकानदाराच्या वहीत जाऊन बसला आहे. वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असणाऱ्यास राज्यात माल विकण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. करपात्र माल सीमेपलीकडे विकावयाचा तर मात्र पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी ठोक दराने कर भरण्याची सोपी योजना आहे. पण ती घेणाऱ्यास परराज्यात माल पाठविण्याची मुभा नाही. निपाणीतील भांड्यांचा असा दुकानदार पाचशेहून अधिक किलोमीटर दूरच्या बंगळूरला माल पाठवू शकतो, शेजारच्या कागलला नाही!

यामागे कारण नाही असे नव्हे. हा कर माल जेथे पोहोचतो त्या राज्याच्या वाट्याला जातो. ठोक भरलेल्या रकमेतून शेजारच्या राज्याचा वाटा वेगळा काढण्याची सोय या योजनेत ठेवलेली नाही. अडचण खरी आहे, पण ती हिशेबाची आहे. आणि हिशेब करणारे यंत्र आता आपल्यापाशी आहे.

युरोपीय संघाकडे पाहावे. १ जानेवारी १९९३ रोजी तेथील अंतर्गत सीमांवरची मालाची जकात-कागदपत्रे गेली, तरी लहान व्यापाऱ्याची अडचण उरलीच होती. १ जानेवारी २०२५ पासून एक लाख युरोंपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान व्यावसायिकास, स्वदेशात एकदाच नोंद करून, ही सवलत देऊ करणाऱ्या इतर सदस्य राष्ट्रांतही करमाफी मिळू शकते. स्वतंत्र राष्ट्रांना जे जमले ते एका राष्ट्रातील दोन राज्यांना का जमू नये? सीमेलगतच्या तालुक्यांपुरती, ठरावीक उलाढालीपर्यंत, अशी मुभा कर परिषदेने द्यावी, एवढीच मागणी आहे. ती मराठी दुकानदाराची तशीच कानडी दुकानदाराचीही आहे.

छापील पुस्तकावर हा कर नाही. या कपाटांतील ग्रंथ कोल्हापूरहून येवोत वा धारवाडहून, सीमा त्यांना अडवीत नाही. ग्रंथाला लाभलेले हे भाग्य शेजाऱ्याच्या तांब्या-पातेल्यालाही लाभो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.