घोडं आणायला गाडी कशी निवडाल?



दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांचा तो नामांकित बाजार. शर्यतीच्या घाटासाठी, लग्नाच्या वरातीसाठी, धनगर बांधवांच्या वाड्याबरोबर ओझं वाहण्यासाठी आपल्याकडची माणसंही घोडं शोधत बाजार पालथे घालतात. दात बघतात, खूर बघतात, अंगावरचे भोवरे मोजतात. गाडी मात्र मिळेल ती ठरवतात. तिथंच घात होतो. धुळे, मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव करत नगरपर्यंत यायचं म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या वर प्रवास. एवढ्या वाटेत घोड्याचा पाय मोडला, तर घातलेला पैसा गेलाच म्हणून समजा.

तेव्हा भाडं ठरवण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. जागा : केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रत्येक घोड्याला किमान सव्वादोन चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे 24 चौरस फुटांचा स्वतंत्र कप्पा हवा. हौदा टेपाने मोजा. आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौदा 44 चौरस फूट भरतो. त्यात एकच घोडं न्यावं, दोन नाही. नऊ बाय सहाच्या हौद्यात दोन बसतात. मोठा ट्रक असला तरी 1978 च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे चार ते सहाच घोडी न्यावीत.

2. बाजू : उभं ओझं वळणावर हेलकावतं. फळ्या बुटक्या असतील तर वर बांबू बांधून उंच कराव्यात. दोन घोड्यांमध्ये किमान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन भक्कम आडवे दांडे हवेत. आतून खिळा, पत्र्याची धार राहिली नाही ना, हे हात फिरवून बघा. कडांना गोणपाट गुंडाळा.

3. तळ : नुसत्या पत्र्यावर नाल घसरते. खाली काथ्याची चटई टाकून वर वाळू आणि भुसा पसरावा.

4. चढ-उतार : फळी अशी लावा की भरली बादली घेऊन माणूस सहज चढेल. फळी नसेल तर गाडी बांधाला लावावी. घोड्याला उडी मारायला लावू नये.

5. हवा : हौदा ताडपत्रीनं गच्च झाकू नये. इंजिनाचा धूर आत येतो का, तेही बघावं.

घोड्याचं तोंड डावीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांपासून दूर ठेवावं. मोहरकी इतकी आखूड बांधू नये की मान खाली घालता येणार नाही. तासन्‌तास मान वर राहिली, तर नाका-घशातली घाण छातीत उतरून फुप्फुसाला दाह होतो.

वेग ताशी 35 किलोमीटरच्या वर नको. सोबत एक जाणता माणूस असावा. वाटेत थांबून पाणी, वैरण द्यावी. धान्याचा तोबरा मात्र घरी आल्यावर, विसावा घेऊन. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो.

निघण्यापूर्वी पशुवैद्यकाचा दाखला आणि खरेदीची पावती जवळ ठेवा.

भाड्यात चार पैसे जास्त गेले तरी चालतील. घोडं चारी पायांवर दारात उतरलं पाहिजे, बरं का.