पट्ट्यावरची रेघ

माझा भाचा बोटीवर नोकरीला आहे. सहा महिने समुद्रावर, मग घरी लोट्याला. या खेपेस तो एकच ध्यास घेऊन आला. टप उघडणारी, दोन सीटची परदेशी स्पोर्ट्स गाडी घ्यायची! नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी. नवी मुंबईत एक सापडलीही. दहा वर्षांची, पण फारशी न चाललेली. किंमत नवीच्या पाव.

मी म्हटलं, "अरे, आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चार महिने टप उघडता येणार नाही. उरलेले आठ महिने डोक्यावर नारळ आणि वानर!"

तो हसला. "मामा, एकदा टप उघडून परशुराम घाट उतरायचाय."

हौसेपुढे बोलणं खुंटतं. चिपळूणच्या आमच्या जुन्या मेकॅनिकला बरोबर घेऊन निघालो.

गाडी लालभडक, आरशासारखी चकचकीत. भाचा भारावून गेला. मेकॅनिकने मात्र इंजिनाकडे पाहिलंच नाही. आधी टप दोनदा उघडून मिटायला लावला. अशा बऱ्याच गाड्यांत टप हलवणारी यंत्रणा मागे डिकीच्या बाजूला असते. पाणी वाहून जायच्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या, की पाणी तिथे साचतं आणि दुरुस्ती लाखांत जाते. टप नीट चालला. मग त्याने सीटचा पट्टा हळूहळू पार शेवटपर्यंत ओढला. एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या भागावर आडवी, मातकट रेघ होती. सीटखालचे बोल्टही गंजलेले. गाडी पाण्यात बुडालेली होती.

विकणारा म्हणाला, "मी घेतली तेव्हा मलाही कुणी सांगितलं नव्हतं." खरं-खोटं देव जाणे.

परतताना भाचा गप्प होता, आणि मीही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा बाजारपेठेत उभी केलेली माझी गाडी टपापर्यंत बुडाली होती. विम्याचे पैसे मिळाले. एक व्यापारी गाडी ओढून घेऊन गेला. ती पुढे भंगारात गेली की धुऊन-पुसून कुणाच्या दारात उभी राहिली, हे मी कधी विचारलं नाही. पैसे मिळाले, विषय संपला. त्या दिवशी तो पट्टा पाहताना वाटलं, माझ्या गाडीचा पट्टा कुणी असा ओढून पाहिला असेल का?

म्हणून सांगतो. जुनी गाडी घेताना पट्टा पूर्ण ओढा, गालिचा उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. चासी नंबरवरून सर्व्हिसिंगची नोंद काढा, विम्याचे जुने दावे विचारा. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घ्या. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चा दाखला आणि इथला कर, दोन्हींचा हिशेब आधी करा. आणि विकताना, गाडी बुडालेली असेल तर तसं लिहून द्या. चार पैसे कमी येतील, येऊ देत.

भाचा पुन्हा बोटीवर गेलाय. गाडीचा शोध चालू आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, एक निळी पाहिलीय. पट्टा ओढायला याल ना?"