पोथी ऐकता, मग पुस्तक का नको?
(टिटवाळा येथील बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीवाले आपण आज महागणपतीच्या टिटवाळ्यात जमलो. भाव आणि कर्जावर बोलणे झाले. आता थोडे पुस्तकांविषयी. हसू नका. दिवसभर वखर हाणून आल्यावर पुस्तक कोण उघडणार, असे आपणच म्हणतो. पण त्याच घरात श्रावणात पोथी लागते. एक वाचतो, दहा ऐकतात, मध्येच कोणी अर्थ विचारतो, आणि कुणाला झोप येत नाही. म्हणजे वाचनाची गोडी आपल्याला आहेच. शाळेत छडीच्या धाकाने पुस्तक म्हणजे परीक्षा, एवढेच डोक्यात बसले.

जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला आणि मुंबई, पुणे, जुन्नर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. त्यात या जिल्ह्याचे ठाणेही आहे. तो ग्रंथ मोठ्याने वाचण्याचाच आहे. त्यातला कुणबी साहेबाच्या तंबूवरून परततो. सारा कमी व्हायचा तो वाढलेला. वाटेने तो स्वतःशीच बोलतो. तेवढाच भाग आधी वाचा. तलाठ्याकडून परतताना आपणही असेच बोलतो की नाही?

बहिणाबाई चौधरी तर आपल्याच कापूस मुलखातली. तिला लिहिता येत नव्हते. तिची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून तिच्या पश्चात 1952 साली पुस्तक झाले. ते आजीला ऐकवा. अर्थ तीच सांगेल. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला 2004 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकलेल्या पोराला नोकरी नाही आणि शेती पुरत नाही, अशा घराची ती कादंबरी. ती मोठी आहे, रोज चार पाने पुरे. नाही रुचली तर खुशाल ठेवून द्या, देवाची पोथी नव्हे ती.

शेजारच्या कल्याणात 1864 पासून सार्वजनिक वाचनालय आहे. आपल्याकडे गावोगाव अनुदानाची वाचनालये निघाली, पण कितीतरी ठिकाणी कपाटाची किल्ली एकाच घरी लटकते. पुढाऱ्याचे घर, दुसरे कुणाचे! ती किल्ली गावसभेत मागायची. घरात चांगले वाचणारी बहुधा शाळेत जाणारी पोरच असते. जेवणे झाली की तिला दिव्यापाशी बसवा, आणि तेवढा वेळ भांडी आपण पुरुषांनी घासू.