अभय आघाडीला

गोरेगावात आरेच्या रस्त्याला दिवेलागणीनंतर चालताना बिबट्याची आठवण येते आणि पाय आपसूक उचलले जातात. तिथल्या पाड्यांवरचे वारली मात्र वाघोबाला देव मानून पूजतात. भीतीशी नातं जोडायची ही त्यांची रीत!

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. पहिलाच गुण अभय, म्हणजे भीती नसणं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक, अशी गीतेवर १८ प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. गुणांच्या या सेनेत अभय आघाडीला आणि नम्रता पिछाडीला आहे, हे विनोबांनी तिथे उलगडलं. अभयाची ही शिकवण ऐकायला जागा कोणती, तर तुरुंग!

ज्ञानेश्वरीत ज्ञानेश्वर या अभयाच्या आणखी आत शिरतात. महापुरात उडीच घातली नाही, तर बुडायची धास्ती कसली? तसंच, कर्मातला अहंकार सोडला की संसाराचं भय सुटतं. पुढचा दाखला मला जास्त आवडतो. पाणी मिठाला बुडवायला जातं, तोवर मीठच पाणी झालेलं असतं. परकं काही उरलंच नाही, तर भ्यायचं कुणाला?

बिबट्या समोर आला तर काय करायचं, ते वनखात्याला विचारा. मिठाची ही ओवी मनातल्या बिबट्यासाठी आहे.