शेजारचे शब्द काय सांगतात?



आज आपण 'पाळी' या शब्दापासून सुरुवात करू. हसू नका! नुसता 'पाळी' म्हटला तर अर्थ कोणता? सांगता येणार नाही. पण 'पेरणीआधी वखराच्या दोन पाळ्या द्या' असं ऐकलं की आपण रानात पोचतो. 'गव्हाची पाण्याची पाळी चुकली' म्हटलं की मोटर आणि गेलेली लाइट आठवते. 'सूनबाईची पाळी चुकली' म्हटलं की आशाताईंना निरोप जातो. आणि 'त्याची रात्रपाळी आहे' म्हटलं की डबा संध्याकाळीच करायला घेतो. शब्द तोच, पण वखर, पाणी, सूनबाई, रात्र या शेजाऱ्यांनी त्याचा अर्थ ठरवला. हे आपण रोज करतो, कुणी शिकवलेलं नाही.

कागद समोर आला की मात्र आपण हे विसरतो. एक अवघड शब्द दिसतो, तिथेच नजर अडते आणि पुढचं वाचणं सुटतं. मग कुणीतरी म्हणतं, 'इथं सही कर.' म्हणून आमच्या वाचनाच्या बैठकीत आम्ही एक सवय लावतो. अडलेल्या शब्दावर बोट ठेवायचं, पण वाक्य शेवटपर्यंत वाचायचं. मग आधीचे-पुढचे शब्द बघून त्या जागी आपला घरचा शब्द घालायचा आणि वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणायचं. नीट बसला तर अर्थ बराचसा सापडला. खटकला तर दुसरा घालून बघायचा.

आता 'जमीन' आणि 'जामीन' बघा. फरक एका कान्याचा. घाईत वाचलं, किंवा झेरॉक्स पुसट असली, तर कान्याचा भरवसा नाही. 'सदर कर्जास मी ... राहण्यास तयार आहे.' इथे कोणता शब्द येईल? 'राहण्यास' या शब्दाकडे बघा. माणूस जामीन राहतो, जमीन राहत नाही. आणि जिथे गट नंबर, हेक्टर, आर, चतुःसीमा असे शेजारी दिसतात, तिथे जमिनीचीच गोष्ट चालू आहे. हा कान्याचा फरक महाग पडू शकतो. कर्ज घेणाऱ्याने पैसे फेडले नाहीत, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तेव्हा जामीनदाराची जबाबदारी कायद्याने कर्जदाराइतकीच असते. 'नुसती ओळखीची सही आहे' असं सांगणाऱ्याच्या कागदात 'परतफेड', 'थकबाकी', 'वसुली' हे शब्द आहेत का, ते शोधा. ते असले तर ती नुसती ओळख नाही.

व्याजाचंही तसंच. 'दोन' आणि 'बारा' यांत कानाला बारा मोठे वाटतात. पण 'दरमहा शेकडा 2 रुपये' आणि 'द.सा.द.शे. 12' ही वाक्यं शेजारी ठेवा. द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. 10,000 रुपये कर्ज वर्षभर तसंच राहिलं, तर दरमहा 2 च्या हिशेबाने व्याज 2,400 रुपये होतं आणि दर साल 12 च्या हिशेबाने 1,200. आकडा वाचताना त्याच्या शेजारी 'महा' आहे की 'साल', हे आधी बघायचं.

आता ज्या कागदासाठी हे सगळं सांगतोय, तो कागद. वडील वारले की माहेरहून निरोप येतो, 'वारसाची नोंद करायची आहे, सहीला ये.' कागद वारस नोंदीचा असेल तर त्यात 'मयत', 'वारस', 'नाव दाखल करावे' असे शब्द भेटतात. दाखल म्हणजे आत आलं. शाळेत मूल दाखल करतो, तसं. पण त्याच जागी 'हक्क कायमचा सोडून देत आहे', 'विनामोबदला', 'भावाच्या लाभात', 'नाव कमी करण्यास हरकत नाही' असे शब्द असतील, तर तो कागद वेगळा आहे. ते हक्कसोडपत्र, किंवा त्याच वाटेचं संमतीपत्र.

'विनामोबदला' हा शब्द लांबलचक दिसतो, पण फोडून बघा. विनातिकीट प्रवास म्हणजे तिकिटाशिवाय. रस्त्यात जमीन गेली की मोबदला मिळतो. म्हणजे विनामोबदला म्हणजे एक रुपयाही न घेता. 'लाभात'च्या आधी ज्याचं नाव आहे, त्याला ते मिळणार. आणि 'कमी करणे' म्हणजे इथे थोडं घटवणं नव्हे. नाव कमी झालं म्हणजे उताऱ्यावरून गेलं.

2005 सालच्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तो सोडायचा की ठेवायचा, हे जिचं तिने ठरवायचं. भावाला आनंदाने देणाऱ्याही आहेत, त्यांच्याबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही. पण वारस नोंद समजून हक्कसोडीवर सही होऊ नये. हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करावी लागते आणि तिथे आपल्याला कबुली द्यावी लागते. त्या टेबलापुढे 'मला आधी वाचून दाखवा' म्हणायला लाजायचं कशाला? भाऊ थोडा रुसेल, पण चहा पाजला की बोलेल.

अर्थात, शेजाऱ्यांवरून काढलेला तो अंदाज आहे. सही करण्याआधी काय विचारायचं, ते कळण्यापुरता तो उपयोगी. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर किंवा गोळ्यांच्या पाकिटावर अंदाज चालवायचा नाही. तिथे विचारूनच घ्यायचं.

लिहिणाऱ्या मैत्रिणींसाठीही एक. गटाच्या वहीत नुसतं '2,000 रुपये दिले' असं लिहू नका. सहा महिन्यांनी वाचणारीला कळत नाही की गटाने कर्ज दिले, सभासदाने हप्ता दिला, की बचत परत दिली. 'दिले'ला शेजारी द्या: कोणी, कोणाला, कशापोटी.

आता तुमच्या पुढच्या बैठकीसाठी दोन वाक्यं. पहिलं: 'सर्व हप्ते वेळेवर भरल्यामुळे सभासदाकडे कोणतीही ... नाही.' दुसरं: 'ही रक्कम परतफेडीची नसून शासनाकडून मिळालेले ... आहे.' शब्द घ्यायचे अनुदान, मुद्दल, थकबाकी आणि बचत यांतून. दोन उरतील. कोणता शब्द कुठे बसवला आणि कोणत्या शेजाऱ्यामुळे तो सापडला, हे दोन्ही एकमेकींना सांगायचं.