कुरुंदकर सरांचा वर्ग



मुलगी बारावी झाली की घरोघर एकच प्रश्न निघतो : "आर्ट्सला घालून काय उपयोग?" त्याचे उत्तर शोधायला पुण्या-मुंबईस जायला नको, आपले नांदेड पुरे.

तेथील पीपल्स कॉलेज १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने निघाले. नरहर कुरुंदकर तेथे मराठी शिकवीत. पुढे ते प्राचार्यही झाले. इंटरच्या परीक्षेत हे गृहस्थ स्वतः अनेकदा नापास झालेले! वाचन मात्र कधी थांबले नाही.

त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. तास साहित्याचा असला, तरी बोलता बोलता इतिहास, धर्म, राजकारण सारे त्यात येई. सर म्हणतात म्हणून खरे, असे तेथे नव्हते. पुरावा काय, हे विचारायची सवय लागे. मनुस्मृतीवरची त्यांची व्याख्याने याच रीतीची : ग्रंथ नीट वाचून, स्त्रियांवरील अन्याय स्पष्ट सांगणारी. विषय आपल्याच जिव्हाळ्याचा नव्हे काय?

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही पुरी झाली नव्हती.

भगिनींनो, "रीतच आहे" म्हणून हुंडा मागणाऱ्यास आपल्या मुलीला "का?" असे विचारता आले, तर आर्ट्सची फी वाया गेली असे मी म्हणणार नाही. नोकरीचा विचार जरूर करा. पण तिची आवड विचारल्यावाचून फॉर्म भरू नका, एवढीच विनंती.